उरलेले काम मिस्त्रीकडे

जुन्या ब्रिटिश धाटणीची मोटरसायकल उभी केली की खाली तेलाचा डाग पडणारच, हे इंग्लंडात आणि पुढे आपल्याकडेही इतके गृहीत धरले गेले की त्याचे कारण विचारावेसे सहसा कुणाला वाटले नाही. विचारलेच तर दोन तयार उत्तरे मिळतात. शौकीन म्हणतात, गाडीत जीव आहे, मग तिला घाम येणारच. हिशेबी माणसे म्हणतात, कामचुकार कामगार आणि गाफील मालक यांनी मिळून एक चांगला धंदा बुडवला, त्याची ही खूण. पहिले उत्तर लाडातले आहे, दुसरे रागातले, आणि दोन्हींतून एक साधी गोष्ट निसटते. मोटरसायकलीच्या पहिल्या पन्नास-साठ वर्षांत कारखान्याने गाडी पूर्ण करून द्यायची, असे मुळी ठरलेलेच नव्हते. सांधे बसवून घेणे, ब्रेकचे शू ड्रमला जुळवणे, सैल पडलेले नट पुन्हा आवळणे, दर काही शे मैलांनी तेल पाहणे हे काम चालवणाऱ्याने किंवा त्याच्या मिस्त्रीने करायचे, हे विकणाऱ्याला आणि घेणाऱ्याला सारखेच मान्य होते. तेलगळती आणि अशक्त ब्रेक ही या वाटणीची फळे आहेत. ही वाटणी मोडली तेव्हा इंग्लंडातला धंदा थोड्याच वर्षांत बसला. भारतात ती मोडायला बाहेरून कुणाला येताच आले नाही, म्हणून ती इथे बराच काळ टिकली, आणि तिच्या आधाराने बुलेटच्या मिस्त्रीचा एक अख्खा कसबी व्यवसाय उभा राहिला.

पुरावा अगदी आरंभापासून सापडतो. पहिल्या महायुद्धाच्या आगेमागे बहुतेक मोटरसायकलींमध्ये तेल फिरून परत येण्याची सोयच नव्हती. टाकीवर एक हातपंप असे. चालवणाऱ्याने ठरावीक अंतराने तो दाबायचा, तेल इंजिनात जायचे, बेअरिंग आणि पिस्टन भिजवायचे, आणि काही जळून, काही झिरपून रस्त्यावर जायचे. तेल गमावणे हा तिथे बिघाड नव्हता, तीच वंगणाची पद्धत होती. तेल गळायचे थांबले तर उलट काळजी वाटावी, अशी ही रचना. रॉयल एनफिल्डने त्याच काळात एका छोट्या व्ही-ट्विन गाडीवर तेल पंपाने फिरवून परत आणण्याची व्यवस्था बसवली होती, आणि पुढे गळतीसाठी गाजलेल्या कंपनीच्या नावावर हा मान असावा ही गंमतच म्हणायची. फिरत्या तेलाची पद्धत सार्वत्रिक झाली ती १९२० च्या दशकाच्या शेवटी. पण पद्धत बदलली तरी समजूत बदलली नाही. इंजिनाच्या पोटातली हवा बाहेर सोडणारी ब्रीदरची नळी कित्येक गाड्यांमध्ये मुद्दाम मागच्या चेनकडे वळवलेली असे, म्हणजे हवेबरोबर येणाऱ्या तेलाने चेन आपोआप ओली राहावी. ज्या आरेखकाच्या लेखी बाहेर पडणारे तेल हे चेनचे वंगण आहे, तो प्रत्येक सांधा कोरडा ठेवण्यासाठी जिवाचे रान कशाला करील?

मात्र गळतीचे मूळ केवळ समजुतीत शोधून चालणार नाही. इंजिनाच्या पोटात काय घडते तेही पाहायला हवे. बुलेटच्या ३५० इंजिनाचा बोअर ७० मिलिमीटर आणि स्ट्रोक ९० मिलिमीटर, म्हणजे पिस्टनने व्यापलेली जागा ३४६ घन सेंटिमीटर. पिस्टन खाली येतो तेव्हा वरच्या बाजूला जेवढी जागा मोकळी होते तेवढीच खालच्या क्रँककेसमध्ये कमी होते. मिनिटाला ३००० फेरे धरले तर ही दाबादाबी सेकंदाला ५० वेळा होते. आतली हवा एका दिशेने बाहेर पडून आतला दाब बाहेरच्यापेक्षा कमी राहिला तर तेल सांध्यातून बाहेर यायला बघत नाही. ब्रीदर चोंदला, त्यातली रबरी झडप कडक पडली, किंवा पिस्टनच्या रिंगा झिजून वरचा जळका वायू खाली उतरू लागला, की प्रत्येक सांध्यावर आतून धक्के बसतात आणि जो सांधा सर्वांत कच्चा तिथून तेल वाट काढते. ट्रायंफच्या समांतर ट्विन इंजिनांत तर दोन्ही पिस्टन एकाच वेळी वर आणि एकाच वेळी खाली जात. म्हणजे ६५० सीसीची बॉनव्हिल पोटातल्या हवेच्या हिशेबाने एकाच मोठ्या सिलिंडरची गाडी. या कंपनीने आधी कॅमशाफ्टच्या टोकाशी फिरती झडप ठेवली आणि १९७० पासून इंजिनाचा श्वास प्रायमरी चेनच्या पेटीतून सोडायला सुरुवात केली. हा दुसरा उपाय चांगला ठरला, पण इंजिनाचा मूळ आराखडा १९३७ च्या स्पीड ट्विनचा होता हे ध्यानात घेतले तर एवढ्या उशिराने सुचलेल्या उपायाचे कौतुक किती करायचे, असा प्रश्न पडतो.

यावर जाणकारांचा एक ठरलेला आक्षेप असतो. ते म्हणतात, एवढे खोलात जायचे कारणच नाही. ब्रिटिश इंजिनांची क्रँककेस उभी चिरलेली, डावा आणि उजवा असे दोन अर्ध जोडून केलेली, आणि तो उभा सांधा तळाशी तेलातच बुडालेला. जपान्यांनी ती आडवी चिरली, सांधा तेलाच्या पातळीच्या वर नेला, प्रश्न मिटला. ऐकायला हे पटते, पण पुरावा उलट आहे. होंडाच्या लहान आडव्या इंजिनांची, म्हणजे कबपासून आपल्याकडच्या हीरो होंडा सीडी १०० पर्यंतच्या साऱ्या घराण्याची क्रँककेस उभीच चिरलेली आहे, आणि त्या गाड्यांनी जमिनीवर डाग पाडल्याची ख्याती नाही. तेव्हा दोष चिरण्याच्या दिशेत नाही. तो जोडाचे दोन पृष्ठभाग किती सपाट घासले, बोल्ट किती आणि कुठे ठेवले, फिरत्या शाफ्टवर नमद्याची चकती बसवली की रबरी ओठाचे ऑइल सील, आणि श्वासाची वाट किती मोकळी ठेवली, यांत आहे. या चारही गोष्टींना नवी यंत्रे आणि पैसा लागतो. जुन्या, झिजलेल्या यंत्रांवर घासलेला पृष्ठभाग थोडा वाकडा निघाला तर त्यावर जाड कागदाचे किंवा बुचाचे पॅकिंग घालून वेळ मारून नेता येते. कारखान्याने वाचवलेला तो खर्च मग गाडीच्या आयुष्यभर थेंबाथेंबाने मालक भरत राहतो.

इथे रागाच्या उत्तराकडे वळायला हवे. गळती कामगारांच्या बेफिकिरीमुळे होती, हे म्हणणे इंग्लंडात फार लोकप्रिय होते, आणि कारखान्यांतले तंटे पाहता ते अगदी निराधारही नव्हते. पण जे ठाऊक होते आणि तरी केले गेले नाही, त्याचा हिशेब कामगारांच्या खात्यावर टाकता येत नाही. ट्रायंफचा प्रमुख एडवर्ड टर्नर १९६० मध्ये जपानला जाऊन आला. तिथले मोटरसायकलींचे कारखाने, त्यांतली यंत्रे आणि उत्पादनाचा आवाका त्याने डोळ्यांनी पाहिला आणि आपल्या संचालकांना लेखी कळवला. ट्रायंफ, नॉर्टन आणि बीएसए या तिन्ही ठिकाणी काम केलेल्या बर्ट हॉपवुड या आरेखकाने १९८१ च्या आपल्या पुस्तकात ठपका ठेवला तो मुख्यतः व्यवस्थापनावर. लहान गाड्यांत जपान्यांशी स्पर्धा झेपत नाही म्हणून ब्रिटिश कंपन्या एकेक वर्ग सोडून मोठ्या गाड्यांकडे सरकत गेल्या, हे बोस्टन कन्सल्टिंग ग्रुपच्या १९७५ च्या अहवालाने दाखवले. सरकायला जागा संपली ती १९६९ मध्ये. होंडाची सीबी ७५० बाजारात आली तेव्हा तिला चार सिलिंडर होते, त्यांतले दोन पिस्टन वर जाताना दोन खाली येत, त्यामुळे पोटातल्या हवेची दाबादाबी बरीचशी आपसांतच मिटे. बटण दाबून सुरू होणारी, पुढच्या चाकाला हायड्रॉलिक डिस्क ब्रेक असलेली आणि कोरडी राहणारी अशी ही गाडी होती. जुन्या सीबी ७५० सुद्धा सिलिंडर हेडच्या सांध्यातून पाझरतात, हे खरे आहे. पण ते रबर आणि पॅकिंग म्हातारे झाल्यावर. नव्या गाडीने शोरूमच्या फरशीवर डाग पाडणे ग्राहकाने मान्य करावे, ही अपेक्षा त्या एका गाडीने संपवली. रेडिचचा रॉयल एनफिल्डचा कारखाना त्याआधीच, १९६७ मध्ये, बंद पडला होता. उरलेले काम ब्रॅडफर्ड-ऑन-एव्हनला १९७० मध्ये थांबले. बीएसए-ट्रायंफचे १९७३ मध्ये नॉर्टनशी सरकारी मदतीने लग्न लावले गेले, आणि मेरिडनच्या कामगारांनी सहकारी तत्त्वावर चालवलेला ट्रायंफचा कारखाना १९८३ मध्ये मिटला.

आता मद्रासकडे. भारतीय सैन्याला सरहद्दीवरच्या गस्तीसाठी बुलेट हवी झाली, त्यातून मद्रास मोटर्स आणि रेडिचची कंपनी यांनी १९५५ मध्ये एनफिल्ड इंडिया स्थापन केली, आणि तिरुवोत्तियूरला कारखाना उभा राहिला. आधी इंग्लंडहून सुटे भाग आणून जोडणी, मग १९५७ मध्ये रेडिचची साधने विकत घेऊन इथेच भाग बनवणे, आणि १९६० चे दशक सुरू होता होता जवळजवळ सारी गाडी देशी. इथे एक गोष्ट घडली, तिच्याकडे फारसे लक्ष दिले जात नाही. इंग्लंडातली बुलेट १९६२ पर्यंत बदलत राहिली आणि मग बंद झाली. मद्रासची बुलेट मात्र १९५५ च्या सुमाराच्या रूपात जणू गोठली. १९५१ च्या उद्योग कायद्याखाली किती गाड्या बनवायच्या तेही परवान्यावर ठरे, परदेशी गाड्या येत नव्हत्या, सैन्य आणि पोलीस ठरावीक गाड्या घेत, आणि इतरांना पर्याय म्हणून म्हैसूरची जावा किंवा फरीदाबादची राजदूत. या दोन्ही टू-स्ट्रोक. टू-स्ट्रोकमध्ये तेल पेट्रोलबरोबर जळून जाते, क्रँककेसमध्ये साठा नसतो, त्यामुळे तिथे गळतीचे दुखणे मुख्यतः गिअरबॉक्सपुरते. पुण्याच्या आकुर्डीत बनणाऱ्या बजाजच्या स्कूटरचीही तीच तऱ्हा. म्हणजे १९८५ पर्यंत या देशात इंजिनाच्या पोटात तेल बाळगणारी मोटरसायकल जवळजवळ एकटी बुलेटच होती. स्कूटरच्या मिस्त्रीने तिला हात लावू नये, असा गॅरेजांतला दंडक पडला तो फुकाच्या मानापमानातून नव्हे. ती खरोखरच वेगळी विद्या होती.

त्या विद्येतला बराच भाग कारखान्याने अर्धवट सोडलेले पुरे करण्याचा होता. बुलेटचे तेल वेगळ्या टाकीत नसते. क्रँककेसच्याच ओतकामात मागे एक कप्पा आहे, त्यात ते राहते. एक पंप तिथून तेल क्रँककडे ढकलतो, दुसरा तळाशी उतरलेले परत आणतो. गाडी आठवडाभर उभी राहिली तर पंपाच्या फटीतून कप्प्यातले तेल हळूहळू क्रँककेसमध्ये उतरते. मालक दांडीवर पातळी बघतो, ती खाली दिसते, तो वरून तेल ओततो. किक मारल्यावर परतीचा पंप उतरलेले तेल कप्प्यात आणून टाकतो, कप्पा तुडुंब होतो, आणि जादा तेल ब्रीदरमधून मागच्या टायरवर. ही गळती सांध्याची नव्हेच. गाडी चालू करून, थोडी फिरवून, मग पातळी पाहायची, हे न सांगितल्याची आहे. प्रायमरी चेनचे झाकण तर सबंध एका मोठ्या नटावर आवळलेले, आत रबरी कडे. पाझर दिसला की नट आणखी ताणायचा हा सहजधर्म, आणि ताणला की ॲल्युमिनियमचे झाकण मध्ये दबून कडेने उचलते, पाझर वाढतो. टॅपेटचे झाकणही एका नटावर, खाली बुचाचे पॅकिंग. चांगला मिस्त्री आवळण्याआधी झाकण सपाट काचेवर पॉलिश पेपर अंथरून त्यावर फिरवतो, कुठे घासले आणि कुठे नाही ते पाहतो, आणि सारा काठ सारखा चमकला की थांबतो. तांब्याचे वायसर लालबुंद तापवून पाण्यात बुडवायचे म्हणजे ते मऊ होऊन पुन्हा बसते. कागदी पॅकिंगला पूर्वी लाखेचे शेलॅक, नंतर अॅनाबॉन्ड, आणि तेही बोटाला लागेल एवढेच, कारण जादा लावलेले आत निघून तेलाची भोके बुजवते. आणि क्रँककेस उघडताना दोन अर्धांमध्ये पेचकस घालून उचकटायचे नाही, ही पहिली शिकवण. त्या एका ओरखड्याने सांधा कायमचा गळका होतो. जुन्या बुलेटच्या कित्येक गळत्या मद्रासहून आलेल्या नाहीत, त्या आधीच्या दुरुस्तीने दिलेल्या आहेत. नटांचीही तीच कथा. १९५६ च्या कायद्यानंतर देश मेट्रिक मापांकडे वळला, पण बुलेटचे आटे इंची ब्रिटिश मापाचेच राहिले. मेट्रिक पान्याने ते सोडवले की नटाचे कोपरे गोल होतात, आणि जोर लावला की मऊ ॲल्युमिनियममधले आटे जातात. पुण्यात नाना पेठेतल्या दुकानांत किंवा जुन्या बाजारात इंची पाने हुडकणारा गिऱ्हाईक हा बहुधा बुलेटवाला असे, यात नवल नाही.

ब्रेकची गोष्ट गळतीपासून वेगळी सांगितली जाते. ती तशी सांगू नये. जुन्या बुलेटला मागची चेन डावीकडे, आणि ब्रेकचा ड्रम व चेनचे मोठे दातेरी चाक एकाच तुकड्यात. ब्रेकचे पायडलही डावीकडे, कारण गिअर उजव्या पायाला. म्हणजे गिअरबॉक्सच्या शाफ्टवरून झिरपणारे तेल, ब्रीदरचा फवारा आणि चेनला घातलेले जादा ग्रीस हे सगळे नेमके ब्रेकच्या अंगावर जाते. लायनरला तेल लागले की मिस्त्री ते पेट्रोलने धुतो, विस्तवावर धरतो, पॉलिश पेपर मारतो, आणि गाडी दारात नीट थांबते. घाटात ड्रम तापला की लायनरच्या आत मुरलेले तेल पुन्हा वर येते. तेल प्यालेल्या लायनरला दुरुस्ती नाही, तो बदलायचाच. कोरडा ब्रेकही मुळात बेताचा. एका कॅमने उघडणाऱ्या दोन शूंपैकी पुढचा शू ड्रमच्या फिरण्याबरोबर आपोआप ओढला जातो आणि जोराने धरतो, मागचा ढकलला जातो आणि त्याचे काम थोडेच. दोन्ही शू पुढचे करून वेगवेगळ्या कॅमवर बसवले की पकड बरीच वाढते, म्हणून ट्रायंफने १९६८ मध्ये आणि पुढे मद्रासनेही ही रचना पुढच्या चाकाला दिली. पण तिच्या दोन खोडी. दोन कॅमांना जोडणारी सळई नीट लावली नाही तर एकच शू टेकतो आणि दुसरा शोभेला राहतो. आणि चढावर थांबलेली गाडी मागे सरकू लागली की दोन्ही शू मागचे होतात, ब्रेक जवळजवळ धरतच नाही. शिवाय आऱ्या ताणल्या की ड्रम अंडाकृती होतो; खरे म्हणजे चाक आऱ्यांवर बांधून झाल्यावरच तो लेथवर फिरवायला हवा, आणि शूही त्याच मापाने घासायला हवेत. तेवढा वेळ कारखान्याने दिला नाही, म्हणून तो मिस्त्रीने द्यायचा. आस सैल करून, ब्रेक दाबून धरून, मग आस आवळली की शू ड्रमच्या मध्यावर येतात, ही फुकटातली युक्तीही त्यातलीच.

एके काळी एवढ्या ब्रेकने भागतही होते, कारण वेग बेताचा होता. इंग्लंडात १९०३ चा कायदा ताशी २० मैलांची मर्यादा घालत होता, आणि ती १९३० मध्ये उठली तरी रस्ते तसेच राहिले. तोल ढळला तो १९५९ मध्ये. त्या वर्षी बॉनव्हिल विक्रीला आली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात एम १ हा पहिला लांब मोटरवे खुला झाला. तासन्‌तास एकाच चढ्या वेगाने पळणे ही गोष्ट या इंजिनांनी आणि ड्रमांनी पूर्वी अनुभवलीच नव्हती. ड्रम तापला की त्याचा व्यास वाढतो, शूला जास्त सरकावे लागते, आणि लायनरची पकड उष्णतेने आणखी उतरते. चालवणारा मूठ आवळत राहतो आणि गाडी पळत राहते. वाटणी तीच राहिली, पण मिस्त्रीने करायचे काम आता मिस्त्रीच्या हाताबाहेर गेले होते. कितीही घासला तरी ड्रम डिस्कएवढा थंड होत नाही. या उरलेल्या कामाची किंमत कुणी चुकवली, याचा एक धडा गॅरेजातच आहे. जुने लायनर ॲस्बेस्टॉसचे असत. ड्रम उघडला की आतली राखाडी धूळ फुंकून, नाहीतर हवेच्या नळीने उडवून साफ करायची, हीच सर्रास पद्धत होती. ब्रिटनने ॲस्बेस्टॉस १९९९ मध्ये पूर्ण बंद केले. आपल्याकडे ते आजही सरसकट बंद नाही. गाडीखालच्या तेलाच्या डागाबद्दल हजार विनोद झाले, त्या धुळीबद्दल कुणी बोलले नाही, आणि ती ज्यांच्या छातीत गेली ते बहुतेक पंधरा-सोळा वर्षांचे उमेदवार होते.

आता सर्वांत वजनदार आक्षेप. म्हणतील, ही वाटणी वाईट कशी? मजुरी स्वस्त, नवी गाडी महाग, सुटे भाग गावोगाव मिळणारे, अशा देशात रस्त्याच्या कडेला उघडता येणारी गाडी हा शापच नव्हे, वर आहे. मालक कंपनीचा बांधील राहत नाही, आणि हजारो हातांना काम मिळते. या म्हणण्यातला अर्धा भाग मला मान्य आहे. पण दुरुस्त करता येणे वेगळे आणि सतत दुरुस्त करावे लागणे वेगळे, हे दोन एका पिशवीत घालून चालणार नाही. १९८५ मध्ये धारुहेड्याहून निघालेल्या हीरो होंडा सीडी १०० ने ते वेगळे करून दाखवले. ९७ सीसीचे हे फोर-स्ट्रोक इंजिन तालुक्याच्या गावातही उघडले जाई, रिंगा बदलल्या जात, व्हॉल्व्ह घासले जात. फक्त ते वर्षातून चारदा उघडावे लागत नसे. मिस्त्रीचे पोट त्याने मारले नाही. उलट गाड्या इतक्या वाढल्या की गॅरेजे वाढली. कमी झाली ती बुलेटच्या खास मिस्त्रीची मक्तेदारी, आणि तीही हळूहळू, कारण १९९४ मध्ये आयशरच्या हाती गेलेली कंपनी बरीच वर्षे जुन्या ओतीव लोखंडी इंजिनालाच चिकटून होती. मधे ऑस्ट्रियाच्या एव्हीएलच्या मदतीने ॲल्युमिनियमचे एक इंजिन आले. इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच कवचात असलेले नवे इंजिन २००८-०९ च्या सुमारास आले, आणि उत्सर्जनाच्या नियमांपुढे लोखंडी इंजिनाचा मुक्काम हलला. दरम्यान १९७७ पासून मद्रासची बुलेट इंग्लंडात निर्यात होऊ लागली होती. ज्या रचनेमुळे तिथले कारखाने बसले, तीच रचना तिथले हौशी लोक आता पैसे मोजून परत विकत घेत होते, आणि तिच्याबरोबर येणारे उरलेले काम शनिवार-रविवारी स्वतः करत होते. हौसेपोटी स्वीकारलेली वाटणी ही गरजेपोटी गळ्यात पडलेल्या वाटणीहून फार निराळी असते, हे लाडातले उत्तर देणाऱ्यांनी विसरू नये.

यातून एक विसंगती उरते. गळती आणि ब्रेक ही एकाच वाटणीची फळे असली तरी त्यांचा निकाल एकाच वेळी लागला नाही. सीडी १०० ने तेलाचा प्रश्न १९८५ मध्ये सोडवला, पण तिच्याही दोन्ही चाकांना लहान ड्रमच होते. पुढच्या चाकाची डिस्क सर्वसाधारण भारतीय गाडीवर दिसू लागली ती १९९० च्या दशकाअखेरीस, आणि तीही आधी महागड्या मॉडेलांवर. कारण उघड आहे. फरशीवरचा डाग ग्राहकाला दुकानातच दिसतो आणि तो दुसऱ्या दुकानात जातो. ड्रमची घाटातली धाप कळायला घाटच उतरावा लागतो, आणि तेव्हा पैसे देऊन झालेले असतात. म्हणून गळतीचे काम बाजाराने केले आणि ब्रेकचे काम शेवटी कायद्याला करावे लागले. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरच्या प्रत्येक नव्या दुचाकीला चाक जखडू न देणारी एबीएस यंत्रणा आणि त्याखालच्यांना दोन्ही ब्रेक एकत्र लागण्याची व्यवस्था सक्तीची झाली. हा नियम नव्या गाड्यांना आहे. १९७० किंवा १९८० च्या बुलेटला पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणी नवी करून घ्यावी लागते, आणि मधल्या काळात तिच्याकडून नेमाने मागितला जाणारा कागद म्हणजे पीयूसी. पीयूसीचे यंत्र धुरातला कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजते. गिअरबॉक्सखालचा थेंब आणि त्याच्या शेजारचा ओला लायनर त्याच्या मोजणीत येत नाहीत. ते अजूनही मिस्त्रीनेच बघायचे आहे.